अंगणातली चूल : भूमध्य सागराच्या काठी

(नभोवाणीवरील भाषण)

चूल ही घराच्या आतली वस्तू आहे, असे आपण धरून चालतो. घर बांधावयास काढले की स्वयंपाकघर कोणत्या दिशेस असावे याचा खल होतो. पण ते घरात असावे की घराबाहेर, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भूमध्य सागराच्या काठावर मात्र हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर तेथील लोकांनी ऋतूवर सोपविले आहे. हिवाळ्यात चूल घरात, उन्हाळ्यात ती अंगणात, असा त्यांचा रिवाज. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यापासून सायप्रस बेटापर्यंत भाषा बदलतात, पंथ बदलतात, पक्वान्ने बदलतात. परंतु घराच्या आडोशाला एखादी भट्टी, तिच्याजवळ दगडी बाक, वर द्राक्षवेलीचा मांडव आणि हाताशी चार सुगंधी झुडपे, हे दृश्य फारसे बदलत नाही.

अलीकडे हे दृश्य चित्रांतून आणि सहलींच्या जाहिरातींतून जगभर पोहोचले आहे. त्यामुळे अंगणातील स्वयंपाक म्हणजे सुखवस्तू माणसांची हौस, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. वस्तुतः त्याचे मूळ हौसेत नाही. ऊन फार, पाणी थोडे आणि आगीचे भय सदैव, अशा भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी सावली, पाणी आणि विस्तव ह्या तिघांशी केलेला तो एक करार आहे. हा करार कसा झाला, तो कसा पाळला जात असे आणि तो मोडला असता काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हवामानाचा विचार केला पाहिजे. आपल्याकडे मृगाच्या सरी आल्या की पेरणीची धांदल उडते आणि उघड्यावर मांडलेली चूल आत घ्यावी लागते. भूमध्य सागराच्या काठी सारे उलट आहे. तेथे पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. मे महिन्याच्या सुमारास आकाश कोरडे होते, ते बहुधा सप्टेंबरपर्यंत तसेच राहते. वर्षातील सर्वांत कडक ऊन आणि पाण्याची सर्वांत मोठी टंचाई ह्या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी येतात. ह्याचा एक लाभ असा की, उन्हाळ्यात उघड्यावर चूल पेटविली तर पाऊस ती विझवावयास येत नाही. संकटही तेच आहे. चुलीतून उडालेली ठिणगी सुकलेल्या गवतात पडली, तर ती विझवावयासही पाऊस येत नाही. अंगणातील सर्व मांडणी ह्या लाभातून आणि ह्या संकटातून निघालेली आहे.

तेथील जुनी घरे जाड दगडी भिंतींची आणि लहान खिडक्यांची असतात. दिवसभर दारे-खिडक्या मिटून ठेवल्या म्हणजे आत गारवा टिकतो. अशा घरात जुलै महिन्यात चूल पेटविणे म्हणजे कष्टाने राखलेला गारवा स्वतःच्या हाताने घालविणे होय. शिवाय धूर बाहेर जाण्यास वाट अपुरी. तेव्हा रांधणारीने चूल बाहेर आणली, हे स्वाभाविकच झाले.

घरे बांधणाऱ्या विद्वानांच्या ध्यानात ही गोष्ट जरा उशिरा आली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोनॅको आणि माँताँ ह्यांच्या दरम्यान, रोकब्रून-काप-मार्तँ नावाचे एक ठिकाण आहे. तेथे समुद्राच्या अगदी कडेला आयलीन ग्रे ह्या आयरिश कलावतींनी १९२६ ते १९२९ ह्या काळात एक घर बांधले. ‘ई-१०२७’ असे काहीसे विचित्र नाव असलेले हे घर आधुनिक वास्तुकलेतील एक महत्त्वाची कृती म्हणून ओळखले जाते. डागडुजीनंतर २०२१ पासून ते पुन्हा लोकांना पाहावयास मिळते. त्याच्या पांढऱ्या भिंतींविषयी आणि जहाजासारख्या कठड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याचे स्वयंपाकघर अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. ते उर्वरित घरापासून वेगळे ठेवलेले असून त्यात बाहेरून जावे लागते. आणि काचेची घडीची तावदाने मिटून बाजूला सारली की ते स्वयंपाकघर अंगणातला एक कोनाडा होऊन जाते. १९२९ साली ह्या घराचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्रेबाई आणि त्यांचे सहकारी जाँ बादोव्हिची ह्यांनी ह्या योजनेचे मूळ लपविले नाही. त्या भागातील शेतकरी बायका उन्हाळ्यात बाहेर आणि हिवाळ्यात आत रांधतात. त्यांच्या रिवाजास अनुसरून ही व्यवस्था केली आहे, असे त्यांनी नमूद केले. पॅरिसमध्ये नाव मिळविलेल्या कलावतीने गावातील बायकांकडून धडा घ्यावा, ह्यात त्या कलावतीचा मोठेपणा आहे. आणि ज्या बायकांनी तो दिला, त्यांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत.

ह्याच घराच्या शेजारी पुढे ल कॉर्ब्यूझिए ह्यांनी १९५२ साली स्वतःसाठी लाकडाची एक खोली उभारली. चंदीगड शहराचे हे शिल्पकार आपल्या लोकांस परिचित आहेत. त्यांच्या ह्या खोलीची लांबी-रुंदी प्रत्येकी पावणेचार मीटरांहूनही कमी, आणि तिच्यात स्वयंपाकघर मुळीच नाही. भिंतीला लागून एक लहानसे उपाहारगृह होते. मधले दार उघडून ते तेथे जेवावयास जात. चंदीगडची शासकीय वास्तुमालिका आणि ही चिमुकली खोली ह्या दोहोंचा समावेश युनेस्कोने २०१६ साली एकाच जागतिक वारशात केला. एवढ्या मोठ्या शहराची आखणी करणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक खोली, समोर समुद्र आणि शेजाऱ्याची चूल एवढे पुरले.

अर्थात ही रीत विसाव्या शतकातील नाही. रोमन लेखक धाकटा प्लिनी ह्याचे समुद्रकाठी, रोमपासून सतरा रोमन मैलांवर, लॉरेंटम येथे एक घर होते. त्या घराचे सविस्तर वर्णन त्याने एका मित्राला पत्रातून कळविले आहे. प्लिनी श्रीमंत होता. तरीही त्या पत्रात तो एखाद्या जाणत्या माळ्यासारखा बोलतो. इमारतीच्या आडोशाला बॉक्सचे कुंपण चांगले वाढते, परंतु जेथे समुद्राचा वारा आणि तुषार पोहोचतात तेथे ते वाळून जाते. म्हणून अशा जागी आपण रोझमेरी लावली आहे, असे तो सांगतो. बागेत अंजीर आणि तुती ही झाडे विपुल आहेत, कारण ती जमीन त्यांनाच मानवते, इतर झाडांना नाही. वाहते पाणी तेथे नाही. पण विहिरी आहेत, आणि समुद्र इतका जवळ असूनही त्यांचे पाणी खारट नाही. सरपण जवळच्या रानातून मिळते. वारा, माती, पाणी आणि सरपण ह्या चार गोष्टींचा हिशेब ज्याने आधी मांडला, त्याचेच घर समुद्रकाठी सुखाचे होते, हे प्लिनीला पुरते ठाऊक होते.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताचा उद्रेक होऊन पाँपेई नगर राखेखाली गाडले गेले. तेथील अनेक घरांच्या बागांतून जेवणासाठी बांधलेल्या पक्क्या बैठका सापडल्या आहेत. त्या बागांत कोणती झाडे होती, हे शोधून काढण्याचे श्रेय मुख्यतः विल्हेल्मिना जाशेम्स्की ह्या अमेरिकन विदुषींस आहे. १९६१ पासून त्यांनी हे काम हाती घेतले. मुळे कुजून गेल्यावर जमिनीत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहतात. त्या पोकळ्या साफ करून त्यांत सिमेंट ओतले, म्हणजे कित्येक शतकांपूर्वीच्या मुळाचा आकार हाती येतो. ह्या रीतीने नगरातील रंगमंडलाजवळची एक मोठी मोकळी जागा हा द्राक्षमळा होता, असे सिद्ध झाले. आणि त्या मळ्यातही जेवणाच्या बांधीव बैठका होत्या. वेलींच्या सान्निध्यात बसून जेवण्याची प्रथा किती जुनी आहे, ह्याचा हा भक्कम पुरावा होय.

आता ही मांडणी प्रत्यक्षात कशी करतात ते पाहू. जाणता गृहस्थ प्रथम वारा पाहतो. एजियन समुद्रात ऐन उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरकस वारा वाहतो. प्रोव्हाँसमध्ये वायव्येकडून मिस्त्राल येतो. त्याखेरीज दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वाहणारे नित्याचे वारे आहेतच. चुलीची जागा ह्या वाऱ्यांच्या आड, घराच्या अथवा कुंपणाच्या भिंतीला धरून असावी लागते, आणि भट्टीचे तोंड वाऱ्याकडे असून चालत नाही. पायाखाली फरशी अथवा खडी हवी. वाळलेले गवत वा पाने तेथे साचू देत नाहीत. घरातल्या स्वयंपाकघराचे दार चार पावलांवर असावे, नाहीतर रांधणारीचा निम्मा दिवस भांडी वाहण्यातच जातो. समुद्रकाठची खारी हवा साध्या लोखंडाला लवकर गंज चढविते, म्हणून जाळ्या आणि सळया वापर झाल्यावर आत ठेवण्याची सवय लावून घेतात.

वाऱ्यानंतर सावली. ह्या कामी द्राक्षवेलीची बरोबरी दुसरे कोणतेही छप्पर करू शकत नाही. उन्हाळ्यात ती पानांनी गच्च भरते आणि अंगण झाकून टाकते. हिवाळ्यात पाने गळतात, तेव्हा हवेसे वाटणारे ऊन थेट भिंतीपर्यंत येऊ देते. शरद ऋतूत ती फळ देते. हिवाळ्यात तिची छाटणी होते, आणि छाटलेल्या काटक्यांच्या मोळ्या बांधून ठेवल्या म्हणजे पुढील उन्हाळ्याचे सरपण तयार होते. छप्पर, फळ आणि इंधन ही तिन्ही एकाच वेलीकडून मिळतात, आणि मोठे झाड तोडावे लागत नाही. इटलीतील आमाल्फीच्या किनाऱ्यावर हेच काम लिंबाची झाडे करतात. चेस्टनटच्या खांबांचे मांडव घालून त्यांच्या आधाराने ती वाढविली जातात. मात्र वेल असो वा लिंबू, भट्टीच्या धुरांड्यावर फांदी येऊ द्यावयाची नाही, हा नियम सर्वत्र सारखाच.

भट्टी ही बहुधा घुमटाच्या आकाराची, विटांची अथवा दगड-मातीची असते. तिच्यात विस्तव आतच पेटवितात. प्रारंभी घुमटाची आतली बाजू काजळीने काळी पडते. उष्णता पुरेशी वाढली की ती काजळी जळून जाते आणि विटा पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. भट्टी तापल्याची हीच खूण. मग निखारे बाजूला सारून, तळ पुसून, त्यावर प्रथम पातळ भाकरीसारखे पदार्थ भाजून घेतात, कारण त्यांस अतिशय प्रखर आच लागते. त्यानंतर पावाचे लोफ जातात. आच उतरू लागली की मांसाची आणि भाज्यांची भांडी. रात्री कडधान्याचा गाडगा. आणि अगदी शेवटी, केवळ ऊब उरली असता, अंजीर सुकविण्यास ठेवतात. एका विस्तवावर दोन दिवसांचे काम होते. नवी भट्टी मात्र घाईने तापवून चालत नाही. तिच्यातील ओल हळूहळू जावी म्हणून काही दिवस लहान-लहान जाळ करावा लागतो. एकदम मोठा जाळ केल्यास घुमटाला तडे जातात.

ही भट्टी प्रत्येकाच्या अंगणात असेच असे नाही. ग्रीसमधील सिफनोस हे बेट कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथे शनिवारी संध्याकाळी काबुली हरभरे, कांदा आणि ऑलिव्हचे तेल झाकणाच्या मातीच्या भांड्यात घालून ते भांडे लाकडाच्या भट्टीत ठेवण्याची चाल आहे. भट्टी घरची नसेल तर भांडे गावातील पाववाल्याकडे पाठवितात. रात्रभर मंद आचेवर हरभरे शिजतात, आणि रविवारी सकाळी देवळातील उपासना आटोपून घरी येताना लोक आपापले भांडे घेऊन येतात. हरभऱ्यासाठी परंपरेने पावसाचे साठविलेले पाणी वापरतात. जड पाण्यात कडधान्य शिजत नाही, हे आपल्या गृहिणींसही सांगावयास नको. एका विस्तवावर अनेक घरांचे जेवण व्हावे आणि प्रभूच्या दिवशी कोणाही गृहिणीला पहाटेपासून चुलीपाशी बसावे लागू नये, ह्या दोन्ही गोष्टी त्या एका भांड्याने साधल्या.

स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या मळ्यांत रविवारच्या पाएलाचा थाट निराळा. रुंद, उथळ कढईत कोंबडी, ससा, शेंगा आणि केशर ह्यांसह शिजविलेला हा भात उघड्यावरच करावयाचा, आणि त्याखाली संत्र्याच्या झाडांची छाटलेली लाकडे जाळावयाची, अशी तेथील परंपरा. ज्या बागेने फळ दिले, तिच्याच छाटणीवर जेवण शिजते.

परंतु ह्या बागा जगतात त्या पाण्यावर, आणि त्या पाण्याचा न्यायनिवाडा कसा होतो हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. व्हॅलेन्सियाच्या कॅथीड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’पाशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याची पंचायत बसते. पाटाच्या पाण्यावरून शेतकऱ्यांत जे तंटे होतात, ते शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी ऐकून तेथल्या तेथे मिटवितात. शेकडो वर्षे चालत आलेल्या ह्या पंचायतीची नोंद युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त वारशात केली. पाणी थोडे असले म्हणजे त्याचा न्याय देवळाच्या दारात, सर्वांच्या देखत झाला पाहिजे, ही त्यामागील जाण होय.

जेथे पाटही नाहीत, तेथे पाणी आकाशाकडूनच मिळवावे लागते. सिसिली आणि ट्युनिसिया ह्यांच्या दरम्यान पांतेलेरिया नावाचे ज्वालामुखीजन्य बेट आहे. तेथील ‘दाम्मूसो’ नावाच्या दगडी घरांची छते घुमटाकार असून त्यांवर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळीतून टाक्यात उतरविले जाते. घरापुढील ओट्यावर दगडी बाक असतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कुटुंब तेथेच बसते. ह्या बेटावर वारा इतका की लिंबाचे झाड उघड्यावर तग धरीत नाही. म्हणून एकेका झाडाभोवती गारा-चुन्यावाचून रचलेल्या दगडांची उंच, वर्तुळाकार भिंत उभारतात. ती वारा अडविते, ऊन कमी करते आणि जमिनीतील ओल टिकविते. आत झाड शिंपण्यावाचून जगते. एका झाडासाठी एवढी भिंत, हे आपणांस नवल वाटेल. पण त्या एका झाडावर कुटुंबाच्या वर्षाच्या लिंबांची भिस्त असे. अशा कोरड्या दगडी भिंती रचण्याची कला युनेस्कोने २०१८ साली आठ देशांच्या नावे नोंदविली आहे.

आयलीन ग्रे ह्यांनाही पाण्याचे हे मोल उमगले होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी माँताँच्या वरच्या डोंगरात स्वतःसाठी दुसरे घर बांधले. ते त्यांनी तीन जुन्या दगडी टाक्यांवर उभारले, आणि त्यांतील एक टाके पाण्यासाठीच राखून ठेवले. घराला नाव दिले ते काळ आणि पेंढा ह्या अर्थाचे. धीर धरला आणि पेंढ्यात ठेवले म्हणजे अंजीर पिकते, अशा आशयाची त्या भागात म्हण आहे.

बागेत काय लावावे, ह्याचा निर्णयही पाणीच करते. रोझमेरी, थाइम, सेज, लॉरेल ही झुडपे कोरड्या डोंगरउतारांचीच लेकरे. त्यांची पाने लहान अथवा चिवट, आणि त्यांत सुगंधी तेल भरलेले. एकदा मुळे धरली की त्यांना फारसे पाणी लागत नाही. ती चुलीजवळ लावलेली असली म्हणजे रांधता रांधता एक डहाळी खुडून घेता येते. मात्र हीच तेलकट झुडपे वाळली तर भडकन पेटतात, म्हणून हात पोहोचेल एवढी ती जवळ हवीत आणि ठिणगी पोहोचणार नाही इतकी दूर. बेझिल मात्र कुंडीतच लावावे लागते, कारण तिला रोज पाणी हवे. भाजी धुतलेले पाणी तिच्या वाट्याला येते. ही बेझिल म्हणजे आपला सब्जा, तुळशीची जवळची आप्त. ग्रीक घरांच्या दारात तेलाच्या रिकाम्या डब्यांतून ती वाढलेली दिसते. संत हेलेनेला ख्रिस्ताचा क्रूस सापडला तेथे हे रोप उगवलेले होते, अशी त्या लोकांची श्रद्धा असून १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणाला देवळात तिच्या डहाळ्या वाटतात. आणखी एक झाड सर्वत्र दिसते, ते कण्हेर. फुलांसाठी ती कुंपणाला शोभते. परंतु ती विषारी आहे, हे तेथेही लहान मुलांस शिकवितात. तिच्या काटक्या चुलीत घालीत नाहीत आणि मांस भाजण्यासाठी सळई म्हणूनही वापरीत नाहीत.

ह्या बागांचे वर्ष कधी सुरू होते, हेही बाहेरून येणाऱ्यास शिकावे लागते. जॅकलिन टिरविट ह्या नगररचनाकार विदुषी १९५४ साली दिल्लीतील गृहनिर्माणविषयक परिषदेच्या आणि प्रदर्शनाच्या कामासाठी भारतात होत्या. पुढे त्यांनी अथेन्सजवळ स्पारोझा येथील उघड्या, खडकाळ टेकडीवर घर बांधले आणि १९८३ साली मृत्यू येईपर्यंत तेथे बाग फुलविली. तिची हकीगत सांगणारे त्यांचे पुस्तक मरणोत्तर, १९९८ साली प्रसिद्ध झाले. १९९४ साली स्थापन झालेल्या भूमध्यसागरी बागांविषयीच्या मंडळाने हीच बाग आपले केंद्र म्हणून सांभाळली. अशा बागांचा धडा असा की, लागवड वसंतात करावयाची नाही. पहिला पाऊस पडल्यावर, शरदात रोप लावावे. हिवाळाभर त्याची मुळे खोल जातात आणि पुढला उन्हाळा ते स्वबळावर काढते. उन्हाळ्यात झुडपे निस्तेज दिसतात, ती त्यांची विश्रांती असते. तेव्हा पाणी ओतून त्यांना जागे करण्याचा आग्रह धरू नये.

हे सारे शहाणपण गेल्या साठ-सत्तर वर्षांत झपाट्याने मागे पडले. किनाऱ्यावर सुट्टीची घरे उभी राहिली. त्यांना दृश्य हवे होते, पण दृश्यामागची शिस्त नको होती. उत्तरेकडील देशांतल्यासारखी हिरवळ आली आणि ऐन टंचाईत पाणी मागू लागली. पोहण्याचे तलाव आले. पावसाच्या पाण्याची टाकी बुजली. सावलीसाठी आणि शोभेसाठी राळेने भरलेले पाइन वृक्ष अगदी भिंतीपर्यंत येऊ दिले गेले. जुन्या गावांभोवती शेते, मळे आणि चरणाऱ्या शेळ्या ह्यांमुळे सुके गवत आपोआप कमी राहत असे. शेती सुटली तसे रान घरापर्यंत आले. अशा ठिकाणी मग विस्तव हाताळणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर एका दुपारी मिळाले.

अथेन्सच्या पूर्वेस माती नावाची समुद्रकाठची वसाहत आहे. पाइनच्या दाट सावलीत वसलेली, सुट्टीच्या घरांची. २३ जुलै २०१८ रोजी पेंतेली डोंगराच्या बाजूने आग आली आणि जोरदार पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर ती पाहता पाहता समुद्रापर्यंत पोहोचली. गल्ल्या अरुंद होत्या. किनाऱ्यावर उतरण्याच्या वाटा थोड्या होत्या आणि कित्येकांस त्या सापडल्याच नाहीत. १०४ माणसे प्राणास मुकली. त्यांतील २६ जण समुद्रापासून काही पावलांवर एका आवारात एकमेकांना बिलगलेल्या स्थितीत आढळले. डोंगरावरील एका घराच्या आवारात फांद्या आणि पालापाचोळा जाळण्यासाठी पेटविलेल्या विस्तवातून ही आग उद्भवली, असे पुढे न्यायालयात ठरले. बागेची साफसफाई करावी हे योग्यच. परंतु जुलै महिन्यात, वाऱ्याच्या दिवशी, ती विस्तवाने करावयाची नसते. जुन्या गावातील कोणत्याही म्हाताऱ्या माणसाने हे सांगितले असते.

जे काम पूर्वी रिवाज करीत असे, ते आता कायद्याला करावे लागत आहे. ग्रीसमध्ये १ मे ते ३१ ऑक्टोबर हा आगीचा काळ मानला जातो आणि त्या काळात उघड्यावर पालापाचोळा जाळण्यास बंदी असते. फ्रान्सच्या दक्षिण भागात रानापासून २०० मीटरांच्या आत असलेल्या घरमालकाने घराभोवती ५० मीटरपर्यंतचे झुडूप विरळ करून ठेवणे बंधनकारक आहे. हे नियम काही लोकांस जाचक वाटतात. परंतु ‘फरशी झाडून ठेवा, धुरांड्यावर फांदी येऊ देऊ नका, वारा असेल त्या दिवशी चूल पेटवू नका’ हेच आजी नातवंडांस सांगत असे. आता तेच राजपत्रात छापून येते, एवढाच फरक.

ह्यातून आपण काय घ्यावे? कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस कोसळतो. तेथे द्राक्षाचा मांडव आणि मातीची उघडी भट्टी टिकावयाची नाही. माळव्यात आणि हैदराबादेकडे उन्हाळा कोरडा असला, तरी त्यामागून पाऊस येतो, टंचाईचे आणि पावसाचे वेळापत्रक निराळे असते. म्हणून त्या अंगणाची नक्कल करण्यात अर्थ नाही. घेण्यासारखा आहे तो त्याचा क्रम. जुन्या गृहस्थाने प्रथम वारा पाहिला, मग पाणी साठविले, मग सावली वाढविली, आणि हे सर्व झाल्यावर सर्वांत शेवटी विस्तव आणला. नव्या घरमालकाने आधी चकचकीत शेगडी विकत घेतली आणि बाकीचे पुढे पाहू म्हटले.

चूल अंगणात आली म्हणजे रांधणारी बाई धुरातून बाहेर येते, आणि घरातील माणसे तिच्याभोवती बसतात. भाजी चिरावयास कोणी पुढे होतो, सरपण आणावयास कोणी उठतो, मुले पाणी भरून ठेवतात. उन्हाळ्याच्या त्या दीर्घ संध्याकाळी घर खऱ्या अर्थाने एकत्र येते. हे सुख खरे आहे आणि ते हवेसे वाटावे असेच आहे. परंतु ते ज्यांनी निर्माण केले, त्यांनी भरलेली बादली चुलीशेजारी ठेवल्याखेरीज काडी ओढली नाही, आणि शेवटचा निखारा विझल्याची खात्री करून घेतल्याखेरीज अंथरुणाला पाठ टेकली नाही.